शहापुरातली नाणी आणि दोन कलेक्टर

गेल्या हिवाळ्यात शहापूरच्या एका शाळेत जुन्या नाण्यांचे लहानसे प्रदर्शन मांडले होते. मला नाणी जमविण्याचा नाद आहे, हे तिथल्या एका शिक्षकमित्राला ठाऊक. त्याने मला बोलावले आणि फळ्यावर खडूने लिहून ठेवले, 'उद्या सकाळी दहा वाजता कॉइन कलेक्टर भेट देणार.' निरोप पोरांच्या तोंडून वाड्यापाड्यांवर गेला. जाता जाता पहिला शब्द कुठे गळाला कोण जाणे! मी आसनगाव स्टेशनावर उतरून शाळेपाशी पोचलो, तर फाटकात रांगोळी, आणि व्हरांड्यात पाचसहा माणसे हातात अर्ज घेऊन उभी. कुणाची सातबाऱ्यावरची नोंद अडलेली, कुणाचा जातीचा दाखला. कलेक्टर येणार म्हणून बिचारी पहाटे निघून आली होती. मी कॉलेजातला साधा मास्तर आहे हे कळल्यावर त्यांचे चेहरे उतरले, आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. अर्ज हातात तसेच ठेवून ती मंडळी निमूटपणे नाणी बघायला आत शिरली. आली आहोत तर बघून जाऊ, एवढाच हिशोब.

आत काय होते? चार बाकांवर पांढरे कापड आणि त्यावर नाणी. मोल म्हणाल तर फार नाही. पण मला त्यात खरा रस वाटला तो अशासाठी, की बरीचशी नाणी शहापूर-मुरबाडकडच्याच घरांतून आलेली होती. देव्हाऱ्यातली, कणगीच्या तळाशी ठेवलेली, म्हातारीच्या लुगड्याच्या गाठीतली.

सर्वांत जास्त होते ते राणीछाप आणि राजाछाप रुपये. आता या रुपयाची एक गंमत बघा. तो नुसता पैसा नव्हता, ते वजनही होते. जुना चांदीचा रुपया 180 ग्रेनचा, म्हणजे बरोबर एक तोळा. ऐंशी तोळ्यांचा एक शेर. तेव्हा ज्याच्या घरी ऐंशी रुपये असतील त्याच्या घरी खरा शेर आहे, वाण्याने वजनात मारले की नाही ते घरच्या घरी ताडून बघता येई. त्या रुपयात बाराला अकरा भाग शुद्ध चांदी असे. 1940 पासून महायुद्धामुळे ती निम्म्यावर आणली, आणि 1947 साली रुपया निव्वळ निकेलचा झाला. म्हाताऱ्या बायका रुपया दगडावर आपटून आवाज ऐकत, त्यात वेडेपणा मुळीच नव्हता. हातात आलेली चांदी पुरी की अर्धी, हे तो आवाजच सांगे.

शेजारी भोकाचा पैसा होता. 1943 ते 1947 या काळातला, तांबे वाचावे म्हणून मध्ये भोक पाडलेला. आयांनी तो पोरांच्या करगोट्यात ओवला. 1957 च्या 1 एप्रिलपासून सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. आण्याला सव्वासहा पैसे! हा हिशोब बाजारात कसा जमवायचा, यावर त्या वेळी किती तोंडे वाजली असतील. 1964 साली त्यातला 'नवा' हा शब्द गेला. 2011 च्या जूनअखेर पंचवीस पैसे आणि त्याखालची सारी नाणी चलनातून बाद झाली. मी लहानपणी ज्या वीस पैशांचे बोरकूट खाल्ले, ते नाणे आता कापडावर मांडलेले पाहून आपणही प्रदर्शनात ठेवण्याजोगे झालो की काय, असे क्षणभर वाटले.

एका आजीबाईंनी पुतळ्यांची माळ आणली होती. पुतळीवरची दोन माणसे कोण, असे पोरांनी विचारताच आजी म्हणाल्या, "राम-सीता, दुसरं कोण?" मूळ पुतळी म्हणजे इटलीतल्या व्हेनिस शहराचे सोन्याचे नाणे. त्यावर तिथला राज्यप्रमुख त्यांच्या एका संतापुढे गुडघे टेकून बसलेला असतो. मिरीमसाल्याच्या व्यापारात ते सोने आपल्या किनाऱ्याला लागले, सोनारांनी त्याच्या नकला केल्या, आणि आमच्या बायकांनी त्यात आपले देव पाहिले. मी हे आजींना सांगितले. त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखे पाहिले आणि माळ परत गळ्यात घातली. आमची चर्चा तिथेच मिटली.

शिवराया चाळीसेक असाव्यात. एका बाजूस 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशी अक्षरे असलेला हा तांब्याचा पैसा शिवाजीमहाराजांनी सुरू केला आणि पुढे एकोणिसाव्या शतकापर्यंत तो ठिकठिकाणी पाडला जात होता. त्यामुळे प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातीतली नसते, हे ध्यानात ठेवावे. मधोमध दोन आडव्या रेघा असलेली ती दुदांडी, आणि ती पुष्कळ नंतरची.

इथे मला माझे एक पाप सांगितले पाहिजे. आमच्या आजोबांच्या फडताळात एक शिवराई होती, चांगली ठसठशीत, हिरव्याकाळ्या पुटाची. मी दहा वर्षांचा असताना ती चिंच आणि राख लावून नारळाच्या शेंडीने लख्ख घासली. सोन्यासारखी चमकू लागली खरी, पण अक्षरे जवळजवळ बुजली. ते पूट म्हणजे मळ नव्हता, नाण्याची कातडीच होती. पुढे या विषयाचा अभ्यास करू लागलो तेव्हा ती शिवराई हातात घेतली, आणि वाचायला काही उरलेच नव्हते. तेव्हा शिक्षकबंधूंनो, मुले नाणी आणतील तर आधी एवढेच सांगा, की घासू नका. कडेला धरा, कागदाच्या पुडीत ठेवा आणि पुडीवर लिहा, कुठे सापडले, कधी, आणि सोबत आणखी किती होती.

हे 'सोबत किती' इतके महत्त्वाचे का? नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यात जोगळटेंभी गाव आहे. 1906 साली तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांवर नाणी. सगळी नहपान नावाच्या क्षत्रप राजाची. एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसराच ठसा मारलेला होता, गौतमीपुत्र सातकर्णीचा. नाणी वितळवली नव्हती, होती तशीच पुन्हा ठशाखाली धरून ठोकली होती. त्यामुळे सातवाहनांच्या चिन्हांखालून नहपानाचे नाक, कान, अक्षरे अजून डोकावतात. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईने, गौतमी बलश्रीने, आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश उखडला असे कोरवून ठेवले आहे. आई मुलाचे कौतुक करणारच, असे कुणी म्हणेल. पण नाण्यांनी साक्ष दिली. आणि साक्ष दिली ती एखाद्या नाण्याने नव्हे, सबंध ढिगाने. ढिगात किती नाण्यांवर दुसरा ठसा आहे आणि किती कोरी राहिली, हे मोजता आले म्हणून. तीच तेरा हजार नाणी तेरा हजार हातांत पांगली असती तर?

त्याच नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्याने विणकऱ्यांच्या श्रेणींकडे, म्हणजे आजच्या भाषेत त्यांच्या सोसायट्यांकडे, तीन हजार कार्षापण ठेवले. दोन हजार दरमहा शेकडा एक दराने आणि एक हजार शेकडा पाऊण दराने. व्याजातून लेण्यातल्या भिक्षूंच्या कापडाचोपडाचा खर्च चालावा अशी सोय. पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण, हा त्या वेळचा भावही त्यात नोंदला आहे. विणकरांकडे ठेव ठेवून व्याज खाणारा राजाचा जावई! मुलांना शेकडेवारी शिकवताना हे उदाहरण घालून बघा.

आणि हे काही लांबचे नाही. मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याने वैशाखरे ओलांडले की नाणेघाट दिसतो. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरला चढे. घाटमाथ्यावर सातवाहनांची लेणी आहे, तिच्यात नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, आणि यज्ञांत दिलेल्या हजारो कार्षापणांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. वाटेवर दगडी रांजण आहे. जकात त्यात टाकत, असे लोक सांगतात.

मी हे सारे सांगत असताना मागे एक मुरबाडकडचा शेतकरी उभा होता. अर्जवाल्यांपैकी नव्हे. सगळे पांगल्यावर तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, तुमी सरकारी नाय ना?" नाही म्हटल्यावर त्याने बंडीच्या खिशातून तंबाखूची डबी काढली. डबीत सात नाणी होती. मळकट, जड, एका बाजूला सोंड उचललेला हत्ती, दुसऱ्या बाजूला अधिकाच्या चिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळे. या खुणेला उज्जैन चिन्ह म्हणतात. सातवाहनांची नाणी ती! खाचराचा बांध सारखा करताना मडके फुटले, त्यात ती होती म्हणे.

"सात?" मी विचारले.

"सातच."

शेजारच्याने त्याला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, ही नाणी मोबाइलवर लाखांना जातात. दुसरी, कलेक्टरला कळले तर शेत जाईल. मी म्हटले, दादा, दोन्ही खोटे. पहिलीपुरते सांगतो. जुने नाणे विकून लखपती व्हा अशी जाहिरात करणारे आधी तुमच्याकडूनच 'नोंदणी फी' मागतात. खुद्द रिझर्व्ह बँकेने 2021 च्या ऑगस्टात जाहीर केले, की आमचे नाव सांगून असे व्यवहार करणाऱ्यांना भुलू नका. रामदरबाराचे चित्र आणि खाली 'ईस्ट इंडिया कंपनी 1818' असे लिहिलेले तुकडे तर बाजारात पैशाला पासरी आहेत. कंपनीने असले नाणे कधी पाडलेच नाही. तांदूळ ओढणारे नाणे म्हणून जे दाखवतात, तो तर उघड लुटारूपणा. आणि दादांच्या डबीतली ही सातवाहन नाणी खरी असली, तरी बाजारात त्यांचे फारसे पैसे येत नाहीत.

दुसरी गोष्ट कलेक्टरची, आता खऱ्या कलेक्टरची. 1878 सालचा निखात निधीचा कायदा अजून चालू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवायचे. काय सापडले, कुठे आणि कोणत्या तारखेला. न कळवता दडवले तर वाटा जातो, आणि एक वर्षापर्यंत कैद वा दंडही होऊ शकतो. मालक कोणी न निघाला आणि दुसरा काही करार नसला, तर चारांतले तीन हिस्से सापडणाऱ्याचे, एक जमीनमालकाचा. सरकारला ठेव हवी असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन ती घेता येते. शेत काढून घेण्याचे कलम या कायद्यात कुठेही नाही.

खरे सांगायचे तर मला हा कायदा अपुरा वाटतो. तो धातू तोलतो, अक्षरे तोलत नाही. सोन्याचा हंडा सापडला तर ठीक, पण सात मळकट नाण्यांच्या धातूची किंमत ती काय येणार? एवढ्यासाठी मुरबाडच्या माणसाने ठाण्याला खेटे घालायचे. मग तो डबी मोडीत घालतो, आणि त्या मोडीत नाणेघाटाखालच्या एखाद्या वस्तीचा दोन हजार वर्षांचा पुरावा जातो. मी हे त्याला लपवून सांगितले नाही. पैसे मिळतील म्हणून नव्हे, पण मडके जिथे फुटले ती जागा एकदा कागदावर येऊ द्या, एवढेच म्हटले.

तो बराच वेळ डबीचे झाकण उघडमीट करीत बसला. मग म्हणाला, "अर्ज तुमी लिवाल?"

वर्गातल्या बाकावर बसून आम्ही अर्ज लिहिला. सकाळच्या मंडळींपैकी एकाजवळ कोरा कागद होता, तो त्याने दिला. गावाचे नाव, गट नंबर, तारीख, मडक्याचा रंग, किती खोल होते ते, सारे विचारून घेतले. प्रत्येक नाण्यावर कागद ठेवून पेन्सिलने घासले की ठसा उमटतो, तसे सात ठसे काढले. पोरे भोवती जमली, आणि शेवटचे तीन ठसे त्यांनीच काढले. 'एकूण नाणी सात' असे लिहून मी अर्ज सहीसाठी त्याच्यापुढे सरकवला.

त्याने पेन घेतले आणि परत खाली ठेवले.

"सर, तिथं नऊ लिवा," तो म्हणाला. "दोन बायकोनं देव्हाऱ्यात ठेवलीत. उद्या घेऊन येतो, तंवर जागा सोडा."

मी साताचे नऊ केले आणि खाली दोन ठशांपुरती जागा कोरी ठेवली.