पोटातल्या बाळाशी नातं: पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

वरळी कोळीवाड्यात पहिलटकरणीला सल्ल्यांची कमतरता नसते. सासूबाई, आत्या, शेजारची मावशी आणि आता मोबाइलवरचे गर्भसंस्काराचे व्हिडिओ! बाळाशी नातं जन्माआधीच जुळू लागतं, हे खरं. पण ते कसं जुळतं याबद्दलच्या चुकीच्या समजुतींमुळे नव्या आईबापांना उगाच धास्ती वाटते.

गैरसमज १: पोटातल्या बाळाला काही ऐकू येत नाही.
वस्तुस्थिती: पाचव्या महिन्याच्या सुमारास कान काम करू लागतात; सहाव्या-सातव्या महिन्यात बाळ आवाजाला प्रतिसाद देतं. आईचा आवाज तर तिच्या शरीरातूनच पोहोचतो. तीन दिवसांच्या आतली बाळं चोखण्याची लय बदलून आईचा आवाज मिळवतात, हे अमेरिकेत डीकॅस्पर आणि फायफर यांनी १९८० मध्ये दाखवलं. सातव्या महिन्यात होडीत बसवून डोहाळजेवण होतं, तेव्हा आई गाऊ लागली की बाळही ऐकत असतं.

गैरसमज २: पोटाला हेडफोन लावले की बाळ हुशार होतं.
वस्तुस्थिती: मोझार्टच्या संगीताचा १९९३ चा गाजलेला प्रयोग कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झाला होता आणि परिणाम टिकला जेमतेम १०-१५ मिनिटं. अभिमन्यूची कथा सुंदर आहे, पण बाळाला पोटात धडे देता येत नाहीत. हेडफोन पोटावर ठेवू नका. आईचं रोजचं बोलणं-गाणं पुरेसं आहे. आईने खाल्लेल्या लसणाचा वाससुद्धा गर्भजलात उतरतो. घराची ओळख बाळाला अशीही होत असते.

गैरसमज ३: पहिल्या सोनोग्राफीतच माया दाटून आली पाहिजे.
वस्तुस्थिती: कुणाला तेव्हा येते, कुणाला बाळ हातात आल्यावर कित्येक आठवड्यांनी. पहिल्या खेपेला बाळाची हालचालही साधारण १८ ते २० आठवड्यांनी कळते. वार पुढच्या बाजूला असेल तर आणखी उशिरा. त्यात आईचा दोष नाही. मात्र दोन आठवडे सतत उदास वाटत असेल, झोप-भूक उडाली असेल, तर डॉक्टरांना सांगा किंवा टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला.

गैरसमज ४: बापाचं काम बाळंतपणानंतर सुरू होतं.
वस्तुस्थिती: बाप होऊ घातलेल्या पुरुषांच्या संप्रेरकांतही बदल होतात, असं अभ्यासांत आढळलं आहे. पहाटे होडी काढणाऱ्यालाही संध्याकाळी पोटावर हात ठेवून चार शब्द बोलता येतात, तपासणीला सोबत जाता येतं. बायको माहेरी गेली असेल तर फोनचा स्पीकर आहेच.

गैरसमज ५: शेवटी जागा कमी पडते, म्हणून बाळ कमी हलतं.
वस्तुस्थिती: हालचालीचा प्रकार बदलतो, पण ती कमी होता कामा नये. २८ आठवड्यांनंतर आईने बाळाची नेहमीची लय ओळखून ठेवावी. ती मंदावली, तर कोळीवाड्याच्या गोल्फादेवीला हात जोडा आणि लगेच रुग्णालय गाठा. सकाळपर्यंत थांबू नका.

या नात्यासाठी महागडे वर्ग लागत नाहीत. बोला, गा, हालचालीकडे लक्ष द्या आणि आईला विश्रांती द्या. घरच्यांनो, तिला सल्ला देण्याआधी तिला कसं वाटतंय, ते विचारा.