शब्दांवाचून सांगितलेली मेंढपाळाची गोष्ट

गायक नाही, गीत नाही, निवेदकही नाही. आणि तरीही तबकडीत एक गोष्ट आहे! काश्मीरचा एक मेंढपाळ पहाटे उठतो आणि त्याचा दिवस रात्रीपर्यंत सरतो, एवढीच ती गोष्ट. १९६७ सालच्या या ध्वनिमुद्रिकेचे नाव 'कॉल ऑफ द व्हॅली'. संतूर शिवकुमार शर्मांचे, बासरी हरिप्रसाद चौरसियांची, गिटार ब्रिजभूषण काब्रांची आणि तबला माणिकराव पोपटकरांचा. तिच्यामागे होते एच. एम. व्ही.चे जी. एन. जोशी, ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' मराठी घराघरांत नेणारे तेच हे भावगीतगायक!

पश्चिमेकडे तेव्हा 'सायकेडेलिक', म्हणजे मनाला गुंगवून दुसऱ्याच जगात नेणाऱ्या संगीताचे वेड होते. १९६८च्या जानेवारीत बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन मुंबईच्या एच. एम. व्ही. स्टुडिओत आला. तेथे त्याने 'वंडरवॉल म्युझिक'चा काही भाग ध्वनिमुद्रित केला, तेव्हा साथीला शर्मा होतेच.

आता ही तबकडी ऐकायची कशी? रागांचे घड्याळ लक्षात ठेवा, म्हणजे झाले. अहीरभैरव आणि नटभैरव म्हणजे सकाळ, मग पिलू, दिवेलागणीला भूप, रात्रीचा देस आणि अखेरीस पहाडी. संतुराचा स्वर कलमाच्या आघाताने उमटतो आणि लगेच विरू लागतो. बासरी तो जणू उचलून लांबवते, तर गिटार एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाते. राग ओळखता आला नाही तरी उन्हे चढल्याचे कानांना कळते.

जुन्नर तालुक्यातील निमगाव साव्याच्या श्रोत्याला मात्र ही गोष्ट निराळी वाटेल. या मुलखाला मेंढपाळ परका नाही. पावसाळा सरला, की पारनेरकडचे धनगर वाडे घेऊन पश्चिमेला कोकणाकडे निघतात. वाटेत लेंडीखतासाठी शेतकरी रानात मेंढरे बसवून घेतो. तबकडीतली रात्र निवांत असते. जुन्नरच्या उसात बिबट्या असतो, म्हणून इथल्या धनगराला वाघूर लावूनही डोळा लागू देता येत नाही.

मग तबकडी खोटी का? तसे नव्हे. तिने मेंढपाळाचा दिवस ऐकवला. रात्रीचा पहारा तेवढा राहून गेला. वाचकहो, या दिवाळीत ती जरूर ऐका. पहाडी संपल्यावर लगेच दुसरे काही लावू नका. शिवारात वाडा उतरला असेल, तर कुत्र्यांचे भुंकणे आणि धनगराची हाळी कानी येईल. राहिलेला भाग तोच.