पंखा ढकलून फिरतोय? आधी कपॅसिटर पाहा!

वैशाखाचा उकाडा, बुद्धपौर्णिमा तोंडावर आणि आमच्या खोलीतला एकुलता एक पंखा रुसला. बटण दाबले की नुसता गुरगुरायचा; काठीने पाते ढकलले तर कसाबसा फिरायचा. दुरुस्तीवाल्याने खालूनच निदान केले, "मोटर जळाली, वाइंडिंग करावे लागेल." आम्ही खिसा चाचपला.

आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचे शिक्षण घेणारी आमची धाकटी म्हणाली, "पप्पा, ढकलल्यावर फिरतोय ना? मग आधी कपॅसिटर बदलून बघू."

बंधुभगिनींनो, पंख्याच्या वाटीत दडलेली ही लहानशी डबी मोटरीला सुरुवातीचा जोर देते. तिच्यावर आकडा असतो. आमच्या डबीवर २.५ मायक्रोफॅरड होता. नवी त्याच आकड्याची घ्यावी.

बटण बंद करून आम्ही स्टुलावर चढलो, तर पोरीने दरडावून खाली उतरवले. जुन्या वायरिंगमध्ये कधी बटण न्यूट्रलवर असते. ते बंद केले तरी पंख्यात वीज राहते! म्हणून मेन स्विचच बंद करायचा, टेस्टर लावून खात्री करायची. डबीतही वीज साठून राहते. तिच्या वायरींच्या उघड्या टोकांना हात लावू नये.

बाबासाहेबांकडे १९४२ ते १९४६ मजूर खाते होते, विजेचा कारभारही त्यातच होता, हे आम्ही दर जयंतीला भाषणात सांगतो. मेन स्विच कुठे आहे, ते मात्र पोरीला विचारावे लागले!

संध्याकाळी वंदनेला पंखा असा भन्नाट फिरला, की मेणबत्त्या विझू लागल्या. आजीने तो बंद करायला लावला.