मजल्यांचे घर आणि बिनतारी आंतरजाल : वाशीम जिल्ह्यातील घरबांधणीच्या संदर्भात

‘वर रेंज येत नाही’ हे वाक्य घरोघरी इतके रुळले आहे की त्यातील ‘रेंज’ या शब्दाचा नेमका अर्थ कोणता, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. मूळ इंग्रजीत हा शब्द आवाक्याचा, म्हणजे लहर जेथवर पोचते त्या अंतराचा वाचक आहे. मराठीत तो प्रथम लहरीच्या जोराचा आणि पुढे आंतरजालाच्या वेगाचाही वाचक झाला. अर्थविस्तार ही भाषेची स्वाभाविक प्रक्रिया असल्यामुळे त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु एकाच शब्दात भिन्न गोष्टी सामावल्या म्हणजे दोषाचे निदान मात्र चुकते. गावातून घरापर्यंत येणारी जोडणी ही एक गोष्ट आणि घरातल्या घरात राउटरपासून भ्रमणध्वनीपर्यंत जाणारी लहर ही दुसरी. पहिली मंद असेल तर दरमहा अधिक पैसे भरून सुधारता येते. दुसरी स्लॅबने अडविली असेल तर कितीही पैसे भरले तरी वरचा मजला होता तसाच राहतो.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला वाशीम जिल्हा २०१८ मध्ये केंद्र शासनाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत समाविष्ट झाला. २०२० च्या टाळेबंदीत शाळा-महाविद्यालये घरात आली, आणि त्यानंतरही प्रवेशाचे अर्ज, शिष्यवृत्ती, व्याख्याने व परीक्षांची तयारी यांसाठी आंतरजालावरील अवलंबन कायम राहिले. बाहेरून येणारी तार मात्र बहुधा तळमजल्यावरच्या बैठकीत आणून सोडली जाते, आणि राउटरही तेथेच भिंतीला टांगला जातो. अभ्यासाला एकान्त हवा म्हणून माडीवर बसणारी मुलगी किंवा मुलगा त्याच्या कक्षेबाहेर पडतो. म्हणजे ज्याला गरज सर्वांत अधिक, त्याच्या वाट्याला लहर सर्वांत कमी, अशी स्थिती उत्पन्न होते.

लहर मजल्यावर अडते, ती का? वस्तुतः विद्युत्‌चुंबकीय लहरी भिंतीपलीकडे जातात, हे जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कलकत्त्यात जाहीर प्रयोगाने दाखविले होते. तथापि भिंत पार करणे आणि बळ शाबूत ठेवून पार करणे यांत अंतर आहे. घरगुती राउटर मुख्यतः दोन पट्ट्यांत काम करतो. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते, तर ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील लहरीची सुमारे पाच ते सहा. पहिली मंद परंतु दूरगामी, दुसरी वेगवान परंतु अडथळ्यांपुढे लवकर क्षीण होणारी. ही क्षीणता डेसिबलमध्ये मोजतात. १० डेसिबल घट म्हणजे शक्तीचा दहावा भाग उरणे, २० डेसिबल म्हणजे शंभरावा. एका स्लॅबमुळे १५ डेसिबल घट होते असे धरल्यास पहिल्या मजल्यावर सुमारे बत्तिसावा भाग पोचतो, आणि दुसऱ्या मजल्यावर, दोन स्लॅब ओलांडल्यावर, केवळ हजारावा. ग्राहक यंत्रे अत्यंत संवेदनशील असल्यामुळे एवढ्या अल्प शक्तीवरही जोडणी टिकते, पण वेग उतरतो. वापरणाऱ्यास वाटते की बाहेरची जोडणीच मंद आहे.

येथे घरबांधणीचा प्रकार महत्त्वाचा ठरतो. कारंजा लाडसारख्या जुन्या व्यापारी गावातील वाड्यांत मजल्यांमध्ये लाकडी तुळया व फळ्या असतात; कोरडे लाकूड लहरीस फारसे अडवीत नाही. मात्र मातीच्या जाड भिंती आणि माळवदावरचा मातीचा थर पावसाळ्यात ओल धरतात, आणि पाणी या लहरी शोषून घेते. त्यामुळे एकाच घरात वैशाखात मिळणारी लहर श्रावणात दुबळी होणे शक्य आहे. नव्या घरांत लोखंडी गजांची जाळी आणि काँक्रीट यांचा स्लॅब असतो. त्यात धातू लहर परावर्तित करतो आणि काँक्रीट ती शोषते. पत्र्याचे छप्पर, लोखंडी कपाट आणि पाण्याची टाकी यांचाही परिणाम असाच.

पैसे खर्च करण्यापूर्वी राउटरची जागा तपासावी. त्याच्या दांडीसारख्या अँटेनातून लहर सर्व दिशांना सारखी पसरत नाही. डोक्यावरच्या चुंबळीच्या मधून काठी उभी घातली आहे अशी कल्पना केल्यास काठी म्हणजे अँटेना आणि चुंबळ म्हणजे लहरीचा विस्तार होय. काठीच्या दोन्ही टोकांच्या दिशेने लहर अत्यल्प असते. म्हणजे अँटेना उभी असता नेमका वरचा व खालचा मजलाच उपेक्षित राहतो. दोन अँटेना असल्यास एक उभी व एक आडवी ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय होय. त्याचप्रमाणे राउटर जिन्याजवळ, उंचावर आणि कपाटाबाहेर ठेवल्यास जिन्याची मोकळी पोकळी लहरीस वाट देते.

एवढ्याने भागले नाही तर तीन मार्ग उरतात. पहिला पुनःप्रक्षेपकाचा, ज्याला बाजारात ‘रिपीटर’ म्हणतात. तो आलेली लहर ग्रहण करून पुन्हा सोडतो; परंतु ऐकणे व बोलणे एकाच पट्ट्यावर करीत असल्यास वेग साधारण निम्मा होतो. शिवाय जेथे मूळ लहरच पोचत नाही तेथे तो ठेवणे निरर्थक. त्याची जागा मध्यावर, जिन्याच्या वळणावर असते. दुसरा मार्ग ‘मेश’चा. यात अनेक यंत्रे एकाच नावाने सेवा देतात, आणि मजला बदलला तरी वापरणाऱ्यास नवी जोडणी करावी लागत नाही. पण दोन यंत्रांमध्ये स्लॅब असेल तर त्यांचा परस्परसंवादही दुबळाच राहतो.

तिसरा मार्ग सर्वांत जुना आणि सर्वांत खात्रीचा : तार. राउटरपासून जिन्याच्या कडेने इथरनेट केबल वर नेऊन तेथे दुसरे प्रक्षेपक यंत्र जोडले म्हणजे स्लॅबचा प्रश्नच मिटतो. अशी तार १०० मीटरपर्यंत चालते. दोन वेगळ्या इमारती जोडावयाच्या असल्यास तांब्याऐवजी प्रकाशतंतू वापरावा. विजांच्या कडकडाटात उघड्यावरची तांब्याची तार दोन्हीकडच्या यंत्रांस घातक ठरू शकते. प्रत्येक यंत्राला वीज लागते, म्हणून भारनियमनाच्या काळात दोन्ही यंत्रे इन्व्हर्टरवर असणे आवश्यक. नवे घर बांधताना स्लॅब भरण्यापूर्वीच एक रिकामी नळी वरपर्यंत सोडून ठेवणे सर्वांत स्वस्त.

निदानाची रीत सोपी आहे. राउटरपासून दोन हातांवर उभे राहून वेग मोजावा, मग माडीवर जाऊन मोजावा. खालीही वेग कमी असेल तर दोष बाहेरच्या जोडणीचा; खाली पुरेसा आणि वर कमी असेल तर दोष मजल्याचा. ‘रेंज’ या एका शब्दाने झाकलेले दोन अर्थ या दोन मोजण्यांत वेगळे होतात, आणि कोणत्या दोषावर पैसा खर्चावयाचा हेही तेव्हाच ठरते.