थंडी, वुजू आणि उललेले हात

विदर्भातल्या कडाक्याच्या थंडीची बातमी आली की तिच्यात गोंदियाचे नाव हमखास असते. या दिवसांत आपल्याकडे अंग उलते, ओठ फुटतात आणि ज्यांना इसब आहे त्यांची खाज रात्री झोपू देत नाही. थंड, कोरडी हवा त्वचेतला ओलावा शोषून घेते. ज्यांच्या त्वचेचे आवरण मुळातच कमजोर असते, त्यांचा इसब मग बळावतो.

काहींना वाटते, फजरच्या वुजूमुळेच हात फाटतात. खरे नुकसान होते ते कढत पाण्याने, उग्र साबणाने आणि हात तसेच ओले ठेवल्याने. वुजूला कोमट पाणी घ्यावे. बोटांच्या बेचक्यांतले पाणी मऊ कापडाने टिपावे, चोळू नये. लगेच व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल लावावे. दिवसात पाच वेळा वुजू, तर पाच वेळा मलम, ही सवय घरात लावून घ्यावी. आंघोळ कोमट पाण्याने दहा मिनिटांत उरकावी. मोहरीचे तेल काहींच्या त्वचेला झोंबते, ते इसबावर टाळावे. लोकरीच्या स्वेटरखाली सुती कपडा घालावा. डॉक्टरांनी पाणी लावायला मनाई केली असेल, तर आजाऱ्याला शरीअतने तयम्मुमची सवलत दिली आहे. त्याबाबत आलिमांना विचारावे.

तेंदूची भिजवलेली पाने कापून बिड्या वळणाऱ्या आपल्या बहिणींचे हात तर सतत ओले-कोरडे होत असतात. त्यांनी काम संपताच हात धुऊन मलम लावावे.

दुकानातून विचारून आणलेली ट्यूब मात्र लावू नये. अशा अनेक मलमांत जोरदार स्टेरॉइड असते. आठ दिवस आराम पडतो, पण वापर लांबला की कातडी पातळ होते. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, ती यासाठीच. जखमेतून पू आला, पिवळी खपली धरली किंवा ताप आला, तर सरकारी रुग्णालयात त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखवावे.

आणखी एक. गजकर्ण पसरते, इसब पसरत नाही. तरी शाळेत आम्ही पाहतो, इसब असलेले मूल बाही ओढून हात झाकते, कारण कुणीतरी त्याचा डबा वेगळा ठेवलेला असतो. घरात मुलीच्या लग्नाची काळजी म्हणून आजार लपवला जातो आणि उपचार लांबतो. खाजेपेक्षा हा सल खोल असतो. त्या मुलाच्या हाताला मलम आपणच लावून द्यावे आणि त्याला दस्तरखानावर आपल्या शेजारी बसवावे.