संकल्पनात्मक चौकट, संशोधन-निबंधातील

संशोधनविषयातील कोणत्या गोष्टी महत्त्वाच्या मानावयाच्या, त्यांचा परस्परसंबंध कसा कल्पावयाचा आणि कोणता पुरावा ग्राह्य धरावयाचा, हे ठरविणारी संकल्पनांची सुसंगत मांडणी. सिद्धांत घटनेचे कारण सांगतो. चौकट कारणाचा शोध कोठे घ्यावयाचा ते दाखविते. संशोधनपद्धतीहूनही ती भिन्न आहे. मुलाखत, नमुना-पाहणी, पाण्याचे पृथक्करण या पद्धती होत. मुलाखत कोणाची घ्यावयाची व पाणी कोठले तपासावयाचे, हे चौकटीवरून ठरते. एकाच विद्याशाखेत काम करणाऱ्या विद्यार्थ्याला चौकट बहुधा परंपरेनेच मिळते आणि आपण काही निवडले आहे, याची त्याला जाणीवही नसते. आंतरविद्याशाखीय निबंधात मात्र प्रत्येक शाखा आपापली चौकट घेऊन येते, त्यामुळे निवड टाळता येत नाही.

रायगड जिल्ह्यातील महाड औद्योगिक वसाहतीचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावून पोलादपूर व महाड तालुक्यांतून वाहत जाते आणि बाणकोटच्या खाडीवाटे अरबी समुद्रास मिळते. महाडनजीक बिरवाडीच्या परिसरात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने (स्था. १९६२) वसविलेल्या या वसाहतीत रासायनिक कारखाने मोठ्या संख्येने आहेत. त्यांचे सांडपाणी सामुदायिक प्रक्रिया केंद्रातून खाडीकडे जाते. ‘वसाहतीचा परिसरावरील परिणाम’ असा विषय एखाद्या विद्यार्थ्याने घेतला, तर तो विषय झाला, प्रश्न झाला नाही. त्याखाली रसायनशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र व कायदा यांची चार प्रकरणे एकापुढे एक ठेवली जातात आणि कोणतेही प्रकरण काढून टाकले, तरी उरलेल्यांचे काही बिघडत नाही. असा निबंध बहुविध माहितीचा असेल, आंतरविद्याशाखीय नव्हे.

हाच विषय बाह्य परिणामाच्या चौकटीत घेतल्यास वेगळा दिसतो. आर्थर सिसिल पिगू (१८७७–१९५९) यांनी १९२० साली विस्ताराने मांडलेल्या या विचारानुसार उत्पादनाचा काही खर्च उत्पादकावर न पडता तिऱ्हाइतावर पडतो. येथे पुरावा म्हणजे घटलेली मासळी, बुडालेली मजुरी, भरपाईची रक्कम. सामाईक साधनसंपत्तीची चौकट घेतली, तर खाडी कोणाची व तिच्या वापराचे नियम कोण करतो, हा प्रश्न पुढे येतो. गॅरेट हार्डिन (१९१५–२००३) यांनी १९६८ मध्ये अनिर्बंध सामाईक वापराचा शेवट नाशात होतो असे प्रतिपादिले व प्रदूषणालाही तोच न्याय लावला. एलिनॉर ऑस्ट्रम (१९३३–२०१२) यांनी १९९० च्या ग्रंथात वापरकर्ते स्वतः नियम करून साधने टिकवितात, असे अनेक देशांतील दाखल्यांनी दाखविले. ही दुसरी मांडणी विद्यार्थ्यांना फार आवडते. परंतु ती प्रामुख्याने परस्परांना ओळखणाऱ्या व परस्परांवर नजर ठेवू शकणाऱ्या वापरकर्त्यांची आहे. खाडीत जाळे टाकणारा आणि खाडीत सांडपाणी सोडणारा यांचा तसा संबंध नसतो. तेव्हा ही चौकट उचलण्यापूर्वी ती येथे कोठवर लागू पडते, ते तपासले पाहिजे.

चौकटीमुळे काय दिसते आणि काय दृष्टिआड होते, याचे सर्वांत ठळक उदाहरण महाडच्याच चवदार तळ्याचे आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला व महाड नगरपालिकेने त्यास अनुसरून तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही प्रत्यक्षात पाणी घेता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. त्याचे प्रयोजन तहान भागविणे हे नसून मनुष्यमात्राची समता प्रस्थापित करणे हे होते, ही भूमिका आंबेडकरांनी स्पष्ट केली होती. पुढे काही सवर्णांनी दावा लावला आणि तो १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात निकालात निघाला. न्यायालयापुढील वाद रूढीच्या कायद्याचा होता : तळ्यापासून अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासून चालत आल्याचे वादींनी सिद्ध केले काय? ते सिद्ध झाले नाही व दावा फेटाळला गेला. निकाल अनुकूल लागला खरा. पण समतेचा प्रश्न त्या चौकटीत विचारलाच गेला नव्हता. रूढी प्राचीन ठरली असती, तर तेच सूत्र उलट निकालाकडे नेऊ शकले असते.

म्हणून निवडीचा आरंभ प्रश्नातील शब्दांपासून करावा. ‘किती नुकसान झाले’ या प्रश्नाला पिगूंची चौकट पुरते. ‘पाण्यावर हक्क कोणाचा मानला जातो’ या प्रश्नाला ती पुरत नाही, कारण भरपाई दिली की हानी भरून निघते, असे तिच्यात बहुधा गृहीत असते. हक्काच्या चौकटीला ते गृहीतक मान्य नसते. दोन्ही चौकटी वापरण्यास हरकत नाही. पण त्यांतील विरोध न सांगता त्या शेजारी शेजारी मांडणे हा दोष होय. एक चौकट प्रमुख असावी आणि इतर शाखांनी तिच्या प्रश्नांना पुरावा पुरवावा. दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–६६) यांनी नाण्यांच्या वजनांचे संख्याशास्त्र, भाषा, पुरातत्त्व व गावोगावची क्षेत्रपाहणी यांचा उपयोग केला. तथापि उत्पादनाची साधने व संबंध कसे बदलले, हा मार्क्सवादी प्रश्न त्यांच्या इतिहासलेखनात सतत केंद्रस्थानी राहिला.

अभ्यासाची सीमाही चौकटच आखते, याकडे सहसा दुर्लक्ष होते. नदीखोरे हे एकक धरल्यास पोलादपूर तालुका वरच्या अंगाचा म्हणून आत येतो, परंतु तेथून मुंबईस गेलेला चाकरमानी सुटतो. रोजगाराचे क्षेत्र हे एकक धरल्यास चाकरमानी आत येतो आणि खाडीच्या मुखाकडील गावे बाहेर पडतात.

चौकटीला विरोधी पुरावा संभवतो की नाही, हेही पाहावे. २२ जुलै २०२१ रोजी महाडला महापूर आला व त्याच दिवशी तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून मोठी जीवितहानी झाली. त्यानंतरची मासळीची घट सांडपाण्याची मानावयाची की पुराने आणलेल्या गाळाची, याला ज्या चौकटीत जागाच नाही, ती सोयीची असली तरी निरुपयोगी होय. पहिल्या क्षेत्रपाहणीनंतर चौकट बदलावी लागली, तर तो बदल कारणासह निबंधात नमूद करावा. भरती-ओहोटीच्या खाडीत पाण्याचा नमुना कोणत्या वेळी घेतला यावर त्याचे आकडे अवलंबून असतात आणि ती वेळ तेथील मासेमारांना विचारल्याखेरीज नीट ठरविता येत नाही. रसायनशास्त्राचे कोष्टक आणि मुलाखतीची वही या ठिकाणी प्रथम एकत्र येतात.