‘सेकंड विंड’ : दमल्यावर मिळणारा दम

लांब पल्ल्याच्या धावपटूला सुरुवातीला धाप लागते, पाय जड होतात. तरी नेट धरून धावत राहिलं, की कधी कधी श्वास लयीत येतो. इंग्रजीत याला ‘सेकंड विंड’ मिळणं म्हणतात. ‘विंड’ म्हणजे इथे दम.

मैदानाबाहेरही हा वाक्प्रचार रुळला आहे. पेंगुळलेला विद्यार्थी मध्यरात्री पुन्हा तरतरीत झाला, तरी तोच वापरतात. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०७च्या ‘द एनर्जीज ऑफ मेन’ या निबंधात बौद्धिक कामातल्या अशा उभारीची चर्चा केली.

वैद्यकशास्त्रातही ही संज्ञा आहे. मॅकआर्डल आजारात स्नायूंना स्वतःचं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, वापरता येत नाही, म्हणून हालचाल सुरू करताच ते दुखतात. सावकाश चालत राहिल्यास साधारण १० मिनिटांत रक्तातली साखर आणि मेदाम्लं इंधन पुरवू लागतात; वेदना ओसरतात.